पश्चिमेचं फ्रेंच दार: पडदा, ब्लाइंड की चिक?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. जुळे सोलापुरात नवीन घर. हॉलमधून गॅलरीत उघडणारं सहा फूट रुंद, सात फूट उंच, दोन झडपांचं काचेचं फ्रेंच दार, तेही थेट पश्चिमेला. बेडरूमला दोन फ्रेंच खिडक्या, एक दक्षिणेला आणि एक उत्तरेला. सगळ्या झडपा आत उघडतात. दुकानदार म्हणतो झेब्रा ब्लाइंड, म्हणजे आलटून-पालटून जाड-पातळ पट्ट्यांचा, साखळीनं वर गुंडाळणारा पडदा घ्या, सासूबाई म्हणतात जाड पडदे लावा नाहीतर उन्हाळ्यात हॉलमध्ये बसता येणार नाही. आणि इतक्या हौसेनं करून घेतलेलं दार झाकूनच टाकायचं का, असं तुम्हाला वाटतंय. घरात दीड वर्षाचं बाळ आहे.

पडदे शिवण्याचं आणि बसवण्याचं काम मी सोलापुरातच करते, त्यामुळे हा पेच माझ्या ओळखीचा आहे. होटगी रोड, विजापूर रोड, जुळे सोलापूर या भागांतल्या नव्या घरांत फ्रेंच दारं भरपूर आलीत, आणि लोक कापडाच्या दुकानात जातात ते रंग डोक्यात घेऊन. माझ्या मते रंग आणि कापड सगळ्यात शेवटी ठरवायचं. आधी दोनच गोष्टी बघायच्या: झडप उघडताना कुठून कुठे फिरते, आणि काचेवर ऊन कधी, किती तिरकं येतं. एवढं नीट कळलं की ब्लाइंड की पडदा हा वाद निम्मा मिटतो.

काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि उत्तर त्यांवर अवलंबून आहे. गॅलरीवर स्लॅब आहे का, समोर उंच इमारत आहे का, दार सागवानी आहे की यूपीव्हीसीचं (कडक प्लास्टिकचं) की ॲल्युमिनियमचं, भिंत विटांची आहे की हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या एएसी ब्लॉकची, हॉलमध्ये एसी आहे की कूलर. मी वर चार फूट पुढे आलेला स्लॅब धरते, समोर मोकळं आहे असं धरते. वेगळं असेल तिथे काय बदलेल ते ओघात सांगते.

उन्हापासून सुरू करू. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीत दुपारचं ऊन शिरतच नाही, साधा दीड फुटी छज्जा पुरतो. उलट डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, क्षितिजापासून जेमतेम ४९ अंश वर, आणि तेव्हा त्याच खिडकीतून ऊन आत येतं. थंडीतलं ते ऊन आपल्याला हवंच असतं. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीची काळजी सोडा.

खरा त्रास पश्चिमेचा. मेमध्ये चारच्या सुमाराला सूर्य ३८-३९ अंशांवर असतो. हा चार फुटी स्लॅब दाराच्या अगदी माथ्याशी असेल तर त्या वेळी वरची सव्वातीन फूट काच सावलीत आणि खालची पावणेचार फूट उन्हात. पाचला सूर्य २५ अंशांवर उतरतो, मग स्लॅब वरची जेमतेम दोन फूट काच झाकतो, पाच फूट उघडी. पुढे सूर्यास्तापर्यंत हे ऊन आडवं होत थेट सोफ्यापर्यंत येतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे सहज जातो, आणि ही वेळ नेमकी भिंती तापून झाल्यानंतरची.

सासूबाईंचं म्हणणं इथे अर्धं बरोबर आहे. ऊन अडवायलाच हवं. पण जाड पडदा ते काचेच्या आतल्या बाजूला अडवतो. ऊन काचेतून आत आलं, पडद्यावर पडलं, पडदा तापला, आणि ती उष्णता काच पुन्हा बाहेर जाऊ देत नाही. पाच वाजता अशा पडद्याला मागून हात लावून बघा, कापड गरम लागेल, आणि पडदा नि काच यांच्यामधली तापलेली हवा वरच्या फटीतून खोलीत येत असते. पांढरं अस्तर काचेकडे असेल तर बराच उजेड परत फिरतो, म्हणून अस्तराचा पडदा साध्या पडद्यापेक्षा नक्की बरा. तरी बाहेर अडवलेल्या उन्हाची सर त्याला येत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला गॅलरीसाठी आहे. गॅलरीच्या बाहेरच्या कडेला, वरच्या स्लॅबखाली, बांबूची चिक लावा. दुपारी दोनला सोडायची, सूर्य मावळला की गुंडाळायची. खालची कड कठड्याला दोन ठिकाणी बांधायची सोय करून घ्या. संध्याकाळी वारा सुटला की मोकळी चिक आपटते, आणि मेमधल्या वळवाच्या पावसाआधी जी वावटळ येते तिच्यात तर ती पार फाटून जाते. आभाळ भरून आलं की चिक वर, हा नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवा. चिक ऊन-पावसात दोन-तीन वर्षांत वाळून तुटायला लागते, तेव्हा ती कायमची नाही हे धरूनच घ्या. चिक नको असेल तर शेतीच्या दुकानात मिळणारी, ७५ टक्के ऊन अडवणारी शेडनेट चौकटीवर ताणून लावता येते. आपल्याकडे डाळिंबाला उन्हाचे डाग पडू नयेत म्हणून शेतकरी बागेवर जाळी टाकतात, काम तेच. जाळीतून वारा येत राहतो आणि बाहेरचं थोडंफार दिसतं. फ्लॅट असेल तर मात्र आधी सोसायटीला विचारा, कारण बाहेरून दिसणाऱ्या रंगावर काही ठिकाणी बंधन असतं.

काचेवर काळी फिल्म चिकटवण्याचा सल्ला कुणी दिला तर आधी काच टफन्ड (भट्टीत तापवून मजबूत केलेली) आहे का ते बघा. साध्या काचेवर उष्णता शोषणारी गडद फिल्म लावली आणि निम्मी काच सावलीत, निम्मी उन्हात राहिली, तर काच तडकू शकते. तुमच्या दारावर रोज दुपारी नेमकं तेच होणार आहे.

चिक लागली की आतल्या पडद्यावरचा भार उतरतो. तो आता आडोशासाठी, रात्रीसाठी आणि खोलीच्या देखणेपणासाठी. त्यामुळे फार जड असण्याची गरज राहत नाही, आणि दार दिवसातला बराच वेळ उघडं दिसू शकतं. तुमची आणि सासूबाईंची, दोघींची गोष्ट राहते.

आता झडपेकडे येते. आत उघडणाऱ्या दाराचं सगळ्यात मोठं भांडण पडद्याशी असतं. तीन फुटांची झडप आत फिरते, तेव्हा बाजूला सारलेला पडदा काचेसमोरच उरला असेल तर झडप त्याला ढकलत नेते. कापड बिजागरीत सापडतं. ज्या घरात रॉड चौकटीच्या रुंदीएवढाच लावलाय तिथे जाऊन पडद्याची बाहेरची कड बघा. कमरेच्या उंचीवर आणि वर, बरोबर बिजागऱ्यांच्या जागी, ग्रीसच्या काळ्या रेघा असतात. त्या धुऊन जात नाहीत. आणि रोज दार उघडताना आधी पडदा हाताने धरायचा, मग मूठ फिरवायची, असं झालं की माणसं दार उघडायचंच सोडतात. सोलापुरात संध्याकाळी सातनंतर जी झुळूक येते तिच्यासाठीच तर पश्चिमेचं दार असतं.

त्यावर उपाय साधा आहे: रॉड चौकटीच्या दोन्ही बाजूंना एकेक फूट बाहेर न्या. तुमच्या सहा फुटी दाराला आठ फुटी रॉड. पडदा सारल्यावर त्याची घडी भिंतीवर बसते आणि काच पूर्ण मोकळी होते. एका बाजूला भिंत कमी असेल, कोपरा आला असेल, तर सगळा पडदा एकाच बाजूला सरकवायचा, मात्र मग त्या बाजूला दीड-दोन फूट जागा लागेल. उंचीला रॉड चौकटीच्या आठ इंच वर ठेवा. झडप त्याच्याखालून मोकळी फिरते, आणि खोलीही उंच वाटते.

आठ फुटांचा रॉड मधे आधार दिल्याशिवाय वाकतो. आयलेटचे, म्हणजे वरच्या कडेला धातूच्या कड्या ठोकलेले पडदे मधल्या ब्रॅकेटवरून पलीकडे जात नाहीत अशी भीती लोकांना असते. पण पडदे मधून दोन बाजूंना उघडणारे असतील तर प्रत्येक अर्धा आपल्याच बाजूला राहतो, त्यामुळे मधला ब्रॅकेट आडवा येत नाही. एकाच बाजूला सरकणारा पडदा असेल तेव्हा रॉडऐवजी ट्रॅक घ्या. रॉडचा पाइप २५ मिलिमीटरचा घ्या. भिंत एएसी ब्लॉकची असेल तर नेहमीची छोटी गिट्टी आणि स्क्रू धरत नाहीत, ब्लॉक भुसभुशीत असतो. त्यासाठी वेगळे लांब प्लग येतात, किंवा ब्रॅकेट दारावरच्या काँक्रीटच्या तुळईत, लिंटेलमध्ये घ्यायचे. फिटिंगवाल्याला ड्रिल लावण्याआधी हे विचारा. बाळ थोडं मोठं झालं की पडद्याला लोंबकळणारच, तेव्हा रॉड भिंतीतून उपटून यायला नको.

झेब्रा ब्लाइंडबद्दल. वस्तू वाईट नाही. धूळ कोरड्या फडक्यानं पुसता येते, आणि ज्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं तिथे ही सोय मोठी आहे, हे मी मान्य करते. पण सहा फुटी एकच ब्लाइंड दारावर टाकला तर गॅलरीत जाण्यासाठी प्रत्येक वेळी तो पूर्ण वर करावा लागतो. कपडे वाळत घालायला जायचं, तुळशीला पाणी घालायचं, मूल आत-बाहेर करणार. दिवसातून दहा वेळा कोण साखळी ओढणार? दार उघडं ठेवून ब्लाइंड अर्धा सोडला तर वाऱ्यानं तो चौकटीवर आपटतो. शिवाय झेब्राच्या पट्ट्या पूर्ण जुळवल्या तरी बारीक फटी राहतात, पूर्ण अंधार होत नाही. न उघडणाऱ्या किंवा सरकत्या खिडकीला मी झेब्रा खुशाल सुचवते. आत उघडणाऱ्या दोन झडपांच्या वावराच्या दाराला नाही.

ब्लाइंडच हवा असेल तर प्रत्येक झडपेवर स्वतंत्र, झडपेलाच बसवलेला घ्या, म्हणजे दार उघडलं की तोही सोबत फिरेल. तिथे मूठ बघावी लागते. दार बंद करून काचेपासून मुठीचं टोक किती पुढे येतं ते पट्टीनं मोजा. साधारण अडीच इंच निघतं. ब्लाइंडचं कापड त्याच्या मागून उतरणार की पुढून, हे ऑर्डर देण्याआधी ठरलं पाहिजे, नाहीतर कापड मुठीवर अडकून तिरकं उतरतं. अगदी साधा आणि मला स्वतःला फार आवडणारा प्रकार म्हणजे झडपेच्या काचेवर वर एक आणि खाली एक अशा दोन बारीक रॉडवर ताणलेला पातळ पडदा. दार उघडा-मिटा, तो जागचा हलत नाही, बाहेरून आतलं दिवसा दिसत नाही, उजेड येत राहतो. सागवानी झडपेला छोटे पितळी हूक बसतात. यूपीव्हीसीच्या झडपेला मात्र स्वतःच्या मनानं भोक पाडू नका. ती आतून पोकळ असते, चुकीच्या जागी भोक पडलं तर पाणी आत शिरतं आणि वॉरंटीवरही प्रश्न येतो. ज्यानं दार बनवलं त्याला विचारून जागा ठरवा, किंवा चिकटणारे हूक वापरा.

तर हॉलसाठी माझं उत्तर: बाहेर चिक, झडपांवर पातळ ताणलेले पडदे, आणि भिंतीवरच्या आठ फुटी रॉडवर अस्तराचे मध्यम वजनाचे सुती पडदे. पातळ पडदा रात्री आडोसा देत नाही हे लक्षात ठेवा. आत दिवा लागला की बाहेरून सगळं दिसतं, म्हणून रात्री सुती पडदे ओढायचेच.

कापड किती लागेल ते दुकानात जाण्याआधी घरीच काढा. रॉड आठ फूट म्हणजे ९६ इंच. आयलेटला दुप्पट कापड धरायचं, १९२ इंच. पन्हा ४८ इंचांचा असेल तर चार पॅनेल. उंची: दार ८४ इंच, वर आठ, झाले ९२. खालची दुमड पाच इंच, वरची पाच, एकूण १०२ इंच, म्हणजे प्रत्येक पॅनेलला साधारण २.६ मीटर. चार पॅनेलचे साडेदहा मीटर, आणि सुती कापड आटतं म्हणून अकरा मीटर घ्या. मोठ्या नक्षीचं कापड असेल तर नक्षी जुळवायला आणखी लागेल, ते नक्षी दर किती इंचांनी परत येते त्यावर आहे. चुण्यांचा पडदा हवा असेल तर दुप्पटऐवजी अडीचपट धरा. पडदा जमिनीपासून अर्धा इंच वर थांबला पाहिजे. लोळणारा पडदा झडपेखाली जातो आणि आपल्याकडची धूळ झाडून घेतो.

कापडाच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत, मागांचं शहर आहे. सुती फर्निशिंगचं कापड इथे हाताला लावून, उजेडात धरून घेता येतं. पुष्कळ जण विचारतात, सोलापुरी चादरीचाच पडदा का नको? भौगोलिक मानांकन मिळालेली आपली चादर, दोन्ही बाजूंनी नक्षी उमटते, अस्तर न लावताही देखणी दिसते. आतल्या खोल्यांच्या दाराला मी ती आनंदानं लावते. पश्चिमेच्या काचेला नको म्हणते. ती जड असते, पहिल्या धुण्यात आटते, सिंगल चादरीची लांबी तुमच्या ९२ इंचांना सहसा पुरत नाही, आणि लाल, मरून, गडद निळे रंग रोजच्या आडव्या उन्हात उडतात. उन्हासमोर फिके, मातकट, राखी रंग जास्त टिकतात. रेशमी कापडाचा मोह टाळा, उन्हानं रेशमाचा धागाच कमकुवत होतो आणि घडीवर पडदा चिरत जातो. पॉलिस्टर आटत नाही, रंगही बरा धरतो. ज्यांना वारंवार धुणं जमणार नाही त्यांनी तेच घ्यावं, त्यात कमीपणा नाही.

सुती घेतलंत तर शिवायला देण्याआधी साध्या पाण्यात रात्रभर भिजवून सावलीत वाळवा. आटायचं ते तिथेच आटू दे. अस्तर पडद्याला शिवून टाकू नका, हूक किंवा वेल्क्रोनं जोडायला सांगा. धूळ पडद्यावर बसते, ऊन अस्तरावर. दोन्ही वेगवेगळे धुता येतात, आणि पाण्याच्या दिवशी एका वेळी निम्मंच काम काढता येतं. चार वर्षांनी अस्तर विरलं तर फक्त तेवढंच बदलायचं.

बाळाविषयी एक गोष्ट कळकळीनं सांगते. कुठल्याही ब्लाइंडची लोंबती दोरी किंवा साखळीचा फास लहान मुलाच्या गळ्यात अडकू शकतो, आणि हे आवाज न होता, काही क्षणांत घडतं. बिनदोरीचा ब्लाइंड मिळत असेल तर तोच घ्या. साखळीचाच असेल तर ती भिंतीला ताणून पक्की बसवणारा क्लॅम्प लावून घ्या, सुट्या दोऱ्या जमिनीपासून दीड मीटरच्या वर गुंडाळून ठेवा. पाळणा, पलंग, खुर्ची, काहीच खिडकीच्या दोरीजवळ नको. बाहेरच्या चिकेची दोरीही यात आली.

बेडरूमच्या खिडक्यांचं लवकर आटोपतं. दक्षिणेला साधा अस्तराचा पडदा, रॉड दोन्ही बाजूंना आठ-दहा इंच बाहेर. बाळ दुपारी झोपतं, तर अस्तर ब्लॅकआउटचं घ्या आणि रॉडची टोकं भिंतीकडे वळवून घ्या, बाजूची फट बंद होते. उत्तरेच्या खिडकीत मुख्यतः जूनच्या आसपासच्या महिन्यांत सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन येतं, तिथे पातळ पडदा चालेल. त्या खिडकीत कूलर बसणार असेल तर कूलरच्या आजूबाजूला सुती जाड पडदा ठेवू नका. ओलसर हवेनं कापडावर काळी बुरशी धरते. झडपेला ताणलेला पॉलिस्टरचा पातळ पडदा ठेवा, लवकर वाळतो.

पैसे घालण्याआधी एक करून बघा. रॉड जिथे येणार तिथे पेन्सिलनं खुणा करा, दोन खिळ्यांवर दोरी बांधा, घरातल्या दोन जुन्या चादरी टाका आणि तीन-चार दिवस दार नेहमीसारखं वापरा. झडप पूर्ण उघडते का, मूठ कुठे अडकते का, मच्छरदाणीची झडप असेल तर ती कुठल्या बाजूला येते, सगळं आपोआप कळेल. चिक मात्र लगेच घ्या, ऊन थांबणार नाही. दाराचं मटेरिअल, भिंत कसली आणि वर स्लॅब किती फूट आहे, एवढं कळवलंत तर ब्रॅकेट आणि हूक नेमके कोणते घ्यायचे ते सांगते.